दोऱ्यासारखी पानं, गुलाबी फुलं: भोरच्या डोंगरावरची ही वनस्पती कोणती?

पांदण
नमस्कार मंडळी. रोहिडा किल्ल्यावर गेलो होतो. बाजारवाडीतून वर चढताना झाडी विरळ होते आणि गवताचा उघडा उतार लागतो, तिथे ही फुलं होती. गवत कमरेपर्यंत वाढलेलं, टोकं नुकती पिवळी पडायला लागलेली आणि मधूनमधून ही उभी गुलाबी झाडं. झाड मांडीपर्यंत उंच. खोड सरळ, वर थोड्या फांद्या. पानं अगदी बारीक, शिवणाच्या दोऱ्यासारखी, प्रत्येक पान चिरून चिरून त्याचे धागे केल्यासारखं. फूल साधारण इंचभर, घंटेच्या आकाराचं, पाच पाकळ्या, गुलाबी-जांभळं. एका फुलाला हात लावला तर ते अख्खं गळून हातात आलं. काडी मोडल्यावर चीक आला नाही. फोटो खाली दिलेत, वाऱ्यामुळे थोडे हललेत.

गावात दोघांना विचारलं, दोघांनीही "रानातलं फूल" एवढंच सांगितलं. नाव काय? पुढच्या वर्षी त्याच जागी मिळेल का? आणि कुंडीत लावता येईल का?

ओवी
रानतीळ! आमच्या शेताच्या बांधावर असतो. फूल डिट्टो तेच.

लिंगाणा
पानांवरून कॉसमॉस वाटतोय. पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला पिवळा-केशरी कॉसमॉस माजलाय, त्याचीच गुलाबी जात असेल. उपटून टाका, आपल्याकडचा नाही तो.

विळी
फोटोत अर्धं गवतच दिसतंय :) पण रंग काय सुंदर आहे!

कुसळ
लिंगाणा, थांबा, उपटू नका. कॉसमॉस नाही हा.

कॉसमॉस सूर्यफुलाच्या कुळातला. त्याचं आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक बारक्या फुलांचा गुच्छ असतो, मधे पिवळी गोल चकती असते. पांदण यांच्या फोटोत चकती नाही. पाकळ्या खाली एकमेकींना जोडून एकच नळी झालेली आहे. म्हणूनच फूल अख्खं गळून हातात आलं.

ओवी, फुलाचा आकार तिळासारखा आहे हे बरोबर. लांबून बघितलं तर मीही तीळच म्हणेन. पण रानतिळाची पानं चांगली रुंद असतात, खालची तर बऱ्याचदा कातरलेली, आणि अंगावर लव असते. अशी धाग्यासारखी पानं तिळाला येत नाहीत. बोंडंही बघा. तिळाचं बोंड लांबट आणि चार खाचांचं असतं.

पांदण, एवढं सांगता येईल का?
पानं समोरासमोर होती की एकाआड एक?
फूल कुठून आलंय, फांदीच्या टोकाला की पानाच्या बगलेत?
आत पुंकेसर किती?
आणि आजूबाजूला कोणतं गवत होतं?

पांदण
पानं खाली समोरासमोर, वर जरा विस्कटलेली. फुलं पानांच्या बगलेत एकेकटी, पण शेंड्याकडे दाटीने आल्यामुळे तुरा दिसतो. गळलेलं फूल उभं चिरून बघितलं: पुंकेसर चार, दोन लांब, दोन आखूड. गवतात कुसळी होती हे नक्की, मोजे अजून साफ करतोय. बाकी गवतं ओळखता येत नाहीत. गवताचा प्रश्न का विचारलात?

कुसळ
ही दुधाळी. शास्त्रीय नाव सोपुबिया डेल्फिनिफोलिया. चार पुंकेसर, दोन लांब दोन आखूड, बगलेतली एकेकटी फुलं, समोरासमोरची चिरलेली पानं आणि डोंगरउताराचं गवत, सगळं जुळतंय. जमलं तर भिंगाखाली परागकोष बघा. प्रत्येक पुंकेसराच्या परागकोशाचे दोन कप्पे असतात. यातला एकच भरलेला असतो, दुसरा पोकळ आणि बारीक देठावर लटकलेला. ही या गटाची पक्की खूण आहे.

दुधाळी वर्षायू आहे. पावसात उगवते, भाद्रपद-आश्विनात फुलायला लागते, गवत वाळेपर्यंत फुलं असतात, मग बी टाकून मरून जाते. खाली कंद नसतो. त्यामुळे पुढच्या वर्षी अगदी त्याच दगडाशेजारी नसेल, पण त्याच उतारावर असेल. गवत शाबूत राहिलं तर.

गवताचं का विचारलं, कारण हिची मुळं गवताच्या मुळांना जाऊन चिकटतात. दुधाळी अर्धपरजीवी आहे. पानं हिरवी आहेत, स्वतःचं अन्न ती स्वतः बनवते, पण पाणी आणि क्षार शेजाऱ्याच्या मुळातून ओढते. कुंडीत एकटी लावली तर खुरटेल आणि मरेल. तेव्हा कुंडीचा विचार सोडा.

गवतफुला
मस्त माहिती! पण दुधाळी आणि तुतारी यांत माझा नेहमी घोळ होतो. पानं सारखीच ना?

कुसळ
फुलं नसताना घोळ होणारच, दोघींची पानं तशीच धाग्यासारखी. फूल आलं की प्रश्न राहत नाही. तुतारी म्हणजे राम्फिकार्पा: पांढरं फूल, त्याखाली लांब बारीक नळी, तिच्या टोकावर पाच पाकळ्या पसरलेल्या. संध्याकाळी उमलते, कारण तिचे गिऱ्हाईक रात्रीचे पतंग. एवढ्या लांब नळीच्या तळातला मध लांब सोंडेच्या पतंगालाच मिळतो. दुधाळीचं तोंड रुंद आणि उघडं, ती दिवसा मधमाश्यांसाठी. तुतारीच्या बोंडाला चोच असते, दुधाळीचं बोंड बिनचोचीचं.

जागेवरूनही अंदाज येतो. तुतारी ओल धरणाऱ्या सड्यांवर (सपाट खडकाळ पठारांवर), पाणी साचणाऱ्या मुरमाड जागी जास्त. दुधाळी निचरा होणाऱ्या गवताळ उतारावर, विरळ झाडीच्या कडेला. पण हे जागेचं फार ताणू नका. कासच्या पठारावर दोघी भेटतात.

कोणी पिवळ्या फुलांची दुधाळी म्हणून फोटो टाकला तर ती वेगळी जात आहे, सोपुबिया ट्रायफिडा. पिवळं फूल आणि घशाशी गडद डाग.

शेतकरीपोर
परजीवी म्हणालात म्हणून विचारतो. ज्वारीतला टारफुला तो हाच का? आमच्या आजोबांनी टारफुल्यापायी एका वावरात ज्वारी पेरणं सोडलं होतं. तसं असेल तर फूल कितीही सुंदर असो, मी तरी उपटा म्हणेन.

कुसळ
टारफुला हिचा भाऊबंद आहे, पण हा नव्हे. टारफुला म्हणजे स्ट्रायगा. वीतभर उंचीचा, अरुंद पण न चिरलेली पानं, आपल्याकडे बहुतेक पांढरी छोटी फुलं. दुधाळी गवतांच्या मुळांवर जगते आणि ज्वारी हेही शेवटी गवतच, त्यामुळे डोंगराला लागून शेत असेल तर एखादं झाड ज्वारीत दिसूही शकतं. पण टारफुल्यासारखं पीक बुडवणारी म्हणून ती ओळखली जात नाही. डोंगरावर उपटायचं काहीच कारण नाही.

मुळाक्षर
टारफुल्याचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो, माझ्या कामाचा भाग आहे.

टारफुल्याचं बी धुळीएवढं असतं. एका झाडाला हजारोंनी बी येतं आणि ते जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. इतक्या बारक्या बियात शिदोरी जवळजवळ नसते, म्हणून उगवल्यावर काही दिवसांत यजमानाचं, म्हणजे ज्याच्यावर जगायचं त्या झाडाचं, मूळ सापडलं नाही तर रोप मेलं. मग बी करतं काय, तर यजमानाच्या मुळातून झिरपणाऱ्या एका रसायनाची वाट बघतं. ते मिळाल्याशिवाय रुजतच नाही. हे रसायन १९६६ साली पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं, आणि तेही कापसाच्या मुळांतून. गंमत अशी की टारफुला कापसावर जगू शकत नाही. म्हणजे कापूस टारफुल्याला उठवतो आणि उपाशी मारतो. ज्वारीनंतर कापूस किंवा भुईमूग घ्यावा असं सांगतात त्यामागे हे कारण आहे.

मग प्रश्न पडतो, स्वतःच्या जिवावर उठणारं रसायन झाडं मुळात बनवतात कशाला? याचं उत्तर २००५ मध्ये मिळालं. जपानी संशोधकांनी दाखवलं की ते मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशींसाठीचं बोलावणं आहे. जमिनीत स्फुरद कमी पडलं की मुळं ते जास्त सोडतात, बुरशी येते, स्फुरद आणून देते. टारफुला त्या बोलावण्याचा फायदा घेतो. हलक्या, खत न पडलेल्या जमिनीत टारफुला का माजतो, याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे.

शेतकरीपोर, उपटायचा तर फुलावर येण्याआधी उपटायला हवा. त्यातही एक अडचण आहे: टारफुला जमिनीवर दिसायच्या आधीच बरंच नुकसान करून झालेला असतो.

शेतकरीपोर
हे आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, कापसानंतर टारफुला कमी होतो हे आम्हाला ठाऊक होतं, का ते आज कळलं. धन्यवाद.

आणि वांग्यातला बंबाखू? तोही यातलाच ना?

मुळाक्षर
हो, ओरोबॅन्की. संपूर्ण कुळालाच त्याचं नाव आहे, ओरोबॅन्केसी. बंबाखूत हिरवा रंग नावालाही नसतो, पूर्ण यजमानावर जगतो. तंबाखू, वांगी, टोमॅटो ही त्याची आवडती पिकं. तेव्हा एकाच कुळात बघा: बंबाखू पूर्ण परजीवी, टारफुला हिरवा असून घातक, दुधाळी आणि तुतारी हिरव्या आणि गवताकडून थोडं घेऊन राहणाऱ्या. आणि किल्ल्यांच्या तटबंदीतल्या भेगांत पिवळी फुलं येणारी लिंडेनबर्जिया असते ना, ती याच कुळातली असूनही कोणाकडून काही घेत नाही. रोहिड्याच्या बुरुजांवर बघा, असण्याची शक्यता आहे.

लिंगाणा
पण माझ्याकडच्या पुस्तकात दुधाळी स्क्रोफ्युलारिएसी कुळात दिली आहे, स्नॅपड्रॅगनबरोबर. मग खरं कोणतं?

मुळाक्षर
पुस्तक जुनं असणार. थिओडोर कूक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची नोंद केली (१९०१ ते १९०८), तेव्हापासून शंभर वर्षं ती त्याच कुळात होती. फुलांच्या रचनेवरून ते योग्यही वाटतं. पुढे डीएनएचा अभ्यास झाल्यावर ते जुनं कुळ फुटलं. मुळांनी दुसऱ्यावर जगणाऱ्या वनस्पती एकमेकींच्या सख्ख्या निघाल्या आणि ओरोबॅन्केसीत आल्या. स्नॅपड्रॅगन तर इसबगोलाच्या कुळात गेला! तेव्हा पुस्तक टाकू नका. वर्णनं उत्तम असतात, फक्त कुळाचं नाव नवीन धरा.

उत्तरध्रुव
स्वीडनमधून लिहितेय. हा धागा वाचून उडालेच, कारण हिची चुलत बहीण माझ्या घरामागच्या जंगलात आहे. मेलॅम्पायरम प्रॅटेन्से. तीही वर्षायू, तीही हिरवी अर्धपरजीवी, कुळही तेच. इथे पाइनचं कोरडं जंगल असतं, खाली ब्लूबेरीची झुडपं आणि हेदर, जमीन एकदम निकस आणि आम्लधर्मी. तिथे जून ते ऑगस्ट हिची फिकट पिवळी फुलं येतात, जोडीजोडीने, सगळी एकाच बाजूला तोंड करून. मुळं ब्लूबेरीला नाहीतर पाइनला चिकटलेली. म्हणजे हिला गवतच लागतं असं नाही, झाडंझुडपंही चालतात.

बी मोठं असतं, तांदळाच्या दाण्याएवढं म्हणा, आणि त्याला एक तेलकट पांढरा तुकडा असतो. मुंग्या तो तुकडा खायला बी ओढून नेतात, तेलकट भाग खातात, बी टाकून देतात. तिचा प्रवास तेवढाच, काही मीटरांचा. म्हणून एकदा जंगल साफ झालं की ही परत यायला फार वेळ लागतो. इंग्लंडात केंटमधल्या ब्लीनच्या जंगलात तर एक दुर्मिळ फुलपाखरू, हीथ फ्रिटिलरी, हिच्यावर जगतं. अळ्या हिची पानं खातात. ती झाडं वाढावीत म्हणून तिथे जंगलाचे तुकडे आलटून पालटून मुद्दाम तोडून उजेड खाली येऊ देतात. फुलपाखरासाठी झाडं तोडायची, हे मला इथे येईपर्यंत कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

ओळखण्याची एक युक्ती: ही झाडं वाळली की काळी पडतात. दाबून ठेवलेला नमुना तर शाई सांडल्यासारखा दिसतो. दुधाळीचंही तसंच होतं का?

कुसळ
होतं! वहीत दाबून ठेवलेली दुधाळी काळी पडते. या कुळात बऱ्याच जणांत ऑक्युबिनसारखी द्रव्यं असतात, पेशी फुटल्या की ती काळी होतात. ताज्या फुलाचा फोटो आधीच काढून ठेवावा, नंतर रंग मिळत नाही.

नाचणी
काळी पडण्यावरून आठवलं. पावसाळ्यात चिखलात लावणी करून पायाच्या बोटांत चिखल्या होतात, त्यावर दुधाळीचा रस लावायचे अशी जुन्या औषधी वनस्पतींच्या लिखाणात नोंद आहे. रस तुरट, कातडीला आधी पिवळा डाग पडतो, मग काळा. आमच्याकडे कोकणात हल्ली कोणी लावताना दिसत नाही, मेंदी लावतात चिखल्यांवर. पण डाग पिवळ्याचा काळा होतो हे वरच्या माहितीशी जुळतंय बघा.

विळी
नाचणी, आता लोक तुमचं वाचून डोंगरावर जाऊन उपटून आणतील.

नाचणी
नका आणू रे बाबांनो. मेंदी लावा. कुंपणाला मिळते, फुकट मिळते, आणि बोटं निदान लाल दिसतात, काळी नाही :)

पळसपान
अर्धपरजीवी म्हटलं की लोकांना वाईट काहीतरी वाटतं. चंदन हाही मुळांनी दुसऱ्याच्या मुळातून घेणाराच आहे. रोपवाटिकेत चंदनाच्या पिशवीत तूर लावतात ती त्याचसाठी. शेतात लावतानाही शेजारी यजमान झाड ठेवावं लागतं. चंदनाला कोणी चोर म्हणत नाही, मग दुधाळीला का म्हणायचं?

पांदण
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. कुंडीचा विचार सोडला.

एक सांगायचं राहिलं. त्याच उताराच्या खालच्या अंगाला खड्ड्यांच्या रांगा दिसल्या. वृक्षारोपणाचे. काहींत रोपं जगलीत, काही रिकामे. खड्ड्यांच्या पट्ट्यात गवत खुरटलेलं होतं आणि दुधाळी एकही नव्हती. वरच्या भागात भरपूर. हा योगायोग आहे का?

माळरान
योगायोग नाही. हा विषय निघायलाच हवा होता.

आपल्याकडे गवताळ डोंगर दिसला की लोकांना तो उजाड वाटतो. सरकारी नकाशांतही गवताळ माळांचा मोठा भाग 'पडीक' या गटात जातो. मग तिथे खड्डे खणायचे, झाडं लावायची, पाच जूनला फोटो काढायचे. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावला गेला, म्हणजे ग्लिरिसिडिया, मध्य अमेरिकेतला. त्याच्या सावलीत खाली काय उरलंय ते बघून या. पवन्या नाही, मारवेल नाही, आणि त्यांच्या आधाराने जगणारं काहीच नाही. गवत गेलं की दुधाळी जाणार हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? तिची मुळंच गवतात आहेत.

टेकडीकर
माळरान, तुमची कळकळ समजते, पण थोडं आमच्या बाजूनेही ऐका. आम्ही एका टेकडीवर बरीच वर्षं झाडं लावतोय, सुट्टीच्या दिवशी पाण्याचे कॅन खांद्यावर वाहतोय. गिरिपुष्प आम्ही कधीच लावला नाही. ऐन, धावडा, पळस, आपटा, सगळी इथलीच झाडं लावतो. हे डोंगर मुळात जंगलाचे होते, कुऱ्हाडीने आणि वणव्याने उघडे झाले. जंगल परत आणणं यात चूक काय? एका वर्षायू फुलासाठी झाडं लावायचीच नाहीत का?

माळरान
लावायची नाहीत असं नाही. कुठे लावायची हा प्रश्न आहे. काही उतार तोडीने उघडे झाले, मान्य. पण कासचा सडा कोणी तोडून उघडा केलेला नाही. जांभ्यावर माती काही इंच, तिथे वृक्ष उभाच राहत नाही. त्याच्यावर तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, गेंद अशी वर्षायूंची दुनिया आहे, म्हणून तर २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कास आलं. आणि पूर्वेकडे कमी पावसाच्या पट्ट्यात गवताळ माळ हेच मूळ रूप आहे. तो माळ राहिला नाही म्हणून माळढोक पक्षी कुठे गेला ते सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात जाऊन विचारा.

कुसळ
दोघांच्या मधला एक मुद्दा मांडतो.

खड्डे कधी खणतात? उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये जागा ठरवतात, कारण जूनमध्ये रोपं लावायची असतात. त्या वेळी डोंगर कसा दिसतो? भाजलेला, पिवळा, कुठे वणव्याने काळा. कंदवाल्या वनस्पती जमिनीखाली निजलेल्या आणि दुधाळीसारख्या वर्षायू तर फक्त बीच्या रूपात, त्याही मातीच्या वरच्या दोन बोटं थरात. म्हणजे जागा निवडणाऱ्याला ती तिथे आहे हे दिसण्याची काही सोयच नाही. तो म्हणतो, इथे काही नाही. आणि पहिली कुदळ त्याच दोन बोटं थरावर पडते.

टेकडीकर, तुम्ही लावता ती झाडं योग्यच आहेत. माझं म्हणणं तारखेबद्दल आहे. जागा उन्हाळ्यात निवडू नका. आश्विनात एक चक्कर मारा, गवत उभं असताना. जिथे दुधाळी, तुतारी, कवला, सोनकी दाट आहे तो तुकडा सोडा. ओढ्याच्या काठाने, घळीत, जिथे आधीच रायमुनिया (घाणेरी) माजलाय तिथे लावा. तिथे झाड जगतंही चांगलं.

दुधाळी ही या कामी फार उपयोगाची खूण आहे. ती दिसली म्हणजे खालची गवताची मुळं जुनी, बसलेली आहेत असं मी तरी धरून चालतो. नांगरलेल्या किंवा उकरलेल्या जागी मला ती दाट अशी दिसलेली नाही.

शेतकरीपोर
गुराख्यांचं काय? चराईने फुलं जात नाहीत का?

पळसपान
चराई किती आणि कधी यावर आहे. गुरं अजिबात बंद केली की गवत एवढं माजतं की बारकी फुलं त्यात गुदमरतात. पावसाच्या सुरुवातीला सगळं खुडून खाल्लं तर बी धरायला झाड उरत नाही. आमच्याकडे पूर्वी गावकुरण दिवाळीपर्यंत राखायचे, मग गवत कापायचे, मग गुरं सोडायची. तोवर दुधाळीचं निम्मं बी पडून गेलेलं असे.

टेकडीकर
कुसळ, तारखेचा मुद्दा मला पटला. गवताळ भाग पूर्ण सोडायचा हे मात्र अजून पटलेलं नाही. आमच्या टेकडीचा वरचा माथा गवताचाच आहे आणि पुढच्या वर्षी तिथेच लावायचं ठरत होतं. आमच्यातल्या कोणाला ही फुलं ओळखता येत नाहीत. कोणी बरोबर येईल का?

गवतफुला
मी येते. पुण्यातच आहे. आणखी दोघं-तिघं मिळाले तर माथा नीट पालथा घालता येईल.

पांदण
परत रोहिड्याला जाऊन आलो. या वेळी भिंग नेलं होतं. परागकोशाचं बरोबर निघालं: एक कप्पा फुगलेला, दुसरा रिकामा, देठावर लोंबणारा. फूल हातात धरून दिसलं तेव्हा ओरडलोच. निळ्या पट्ट्यांची माशी एका फुलातून दुसऱ्यात जात होती, फोटोत आली नाही.

मुळं बघायला झाड उपटायचं नव्हतं. पण वाटेच्या कडेला पावसाने ढेकूळ कोसळलेलं होतं, त्यात एक दुधाळी आडवी झालेली. माती हळूहळू पाण्याने सोडवली. तिच्या बारीक मुळांवर मोहरीपेक्षा लहान गाठी आहेत आणि त्या गाठी गवताच्या मुळावर घट्ट बसलेल्या. ओढलं तर गवताचं मूळही बरोबर येतं. फोटो देतोय, हे हललेले नाहीत. पिशवीत आणलेलं ते झाड दुसऱ्या दिवशी काळं पडलं होतं.

मुळाक्षर
उत्तम फोटो! त्या गाठी म्हणजेच शोषकमुळं. तिसऱ्या फोटोत एकाच मुळाने दोन वेगळ्या झाडांना धरलंय असं दिसतंय. डावीकडचं गवत आहे, उजवीकडचं मूळ जाड आहे, द्विदल वाटतंय. शेजारी शेंगवर्गी काही होतं का? कवला, बरका?

पांदण
कवला होता, पिवळी फुलं. त्याचंच मूळ आहे का ते सोडवून बघितलं नाही.

ओवी
मी बांधावरचा "रानतीळ" परत जाऊन बघितला. रुंद पानं, लवदार, लांब चौकोनी बोंडं. तो तीळच आहे :) पण बांधाच्या वर, डोंगराच्या बाजूला कुसळीत दुधाळी पण आहे. इतकी वर्षं दोन्ही एकच समजून जात होते.

लिंगाणा
पुढच्या वेळी ओळख विचारणाऱ्यांनी काय काय फोटो काढावेत ते कोणीतरी एकत्र लिहा ना.

कुसळ
अख्खं झाड, शेजारच्या गवतासकट. एक पान तळापासून टोकापर्यंत. फूल समोरून, बाजूने आणि मागून, कारण मागची हिरवी पुष्पकोशाची दातेरी कड फार कामाची असते. असेल तर बोंड. उंचीसाठी शेजारी काठी किंवा पेन. आणि तारीख व गाव लिहाच. उपटायची गरज एकाही गोष्टीसाठी नाही.

टेकडीकर
येत्या रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीच्या पायथ्याशी. गवतफुला, पांदण, विळी येतायत. शेतकरीपोर, आजोबांना आणता आलं तर बघा, गवतांची नावं आमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असणार. चुन्याची फक्की बरोबर घेतोय. दाट फुलांचे तुकडे आखून ठेवतो, म्हणजे मे महिन्यात खड्डे खणणाऱ्यांना नकाशावर दाखवता येतील.

शेतकरीपोर
आणतो. चुना नको म्हणतायत आजोबा, पावसात वाहून जाईल. दगडांचे ढीग रचा म्हणाले, आणि प्रत्येक ढिगाचा फोनवर ठिकाणबिंदू टिपून ठेवा. दुसरं वाक्य माझं आहे.